बारा हजारांच्या फ्यूजने ॲम्प्लिफायरचा आवाज सुधारतो का?

तुमच्या जुन्या ॲम्प्लिफायरला दुकानदार बारा हजारांचा चांदीच्या तारेचा फ्यूज लावायला सांगतोय, आणि त्याने आवाज खरंच खुलतो का, असं तुम्ही विचारलंय. नाही खुलत. घेऊ नका.

इतकं ठासून लिहितेय, कारण अशाच एका फ्यूजवरून आमच्या घरात २०१९ पासून भांडण आहे आणि त्यात माझ्या बाबांचा अपमान झालाय.

बाबांचं पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळ, रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथेच. सोल्डरिंग दहाव्या वर्षी शिकले. सेट दुरुस्त झाला की बाबा तानपुऱ्याची तबकडी लावायचे. जवारी, म्हणजे तारेची ती झंकारती गुंज, स्वच्छ ऐकू आली, एक तार विझायच्या आत दुसरी उमटताना कळली, की सेट गिऱ्हाइकाला द्यायचा. नाहीतर परत टेबलावर. ताईच्या लग्नात त्यांनी स्वतः बांधलेला स्टिरिओ ॲम्प्लिफायर दिला. टू एन ३०५५ ट्रान्झिस्टरच्या जोड्या, ट्रान्सफॉर्मर मुद्दाम वाइंड करून घेतलेला, मागच्या पॅनलवर टोपी फिरवून उघडायचा फ्यूज होल्डर, आणि त्याच्या शेजारी बाबांच्या अक्षरात पांढऱ्या रंगाने लिहिलेलं: १ अँपिअर स्लो.

२०१९ च्या दिवाळीत ताईच्या मिस्टरांनी, म्हणजे आमच्या जिजाजींनी, त्यात परदेशातून मागवलेला चौदा हजारांचा फ्यूज घातला. पाडव्याला सगळे जेवायला जमलो होतो. "बाबा, ऐका, तबल्याची थाप किती मोकळी झालीय!" बाबांनी त्यांची तानपुऱ्याची तबकडी लावली, एक अख्खी बाजू डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "मला तरी फरक कळत नाही. जुना फ्यूज काढलात तेव्हा होल्डर कसा होता?"

"काळा पडला होता. पुसला मी."

"मग झालंच असेल काही, तर त्या पुसण्याने."

मग त्यांनी सेट बंद केला, प्लग काढला, होल्डर उघडून फ्यूज हातात घेतला आणि चष्मा लावून फ्यूजच्या टोपीवरचं वाचलं. २ अँपिअर. "जावईबापू, एक अँपिअरचा का नाही लावलात?" तर म्हणे विकणाऱ्याने सांगितलं, एक नंबर वरचा घ्या, म्हणजे आवाज दबत नाही. बाबा चिडले. तेव्हा जिजाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, तुमचे कान आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. वरचे स्वर तुम्हाला पोचत नाहीत." बाबा काही बोलले नाहीत. श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून आतल्या खोलीत गेले.

बाबा फ्यूजच्या बाबतीत इतके कडक का होते, ते सांगते. गणपतीत मंडळांचे ॲम्प्लिफायर दुकानात यायचे. त्यातल्या कितीतरींच्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली असायची, कारण रात्री फ्यूज उडाला आणि दुकानं बंद होती. मी नववीत असताना अशाच एका सेटचा ट्रान्सफॉर्मर मांडवात जळला. सजावटीच्या कापडाने पेट घेतला आणि ते विझवताना ऑपरेटरचा हात पोळला. जळक्या वार्निशचा वास दुकानात आठवडाभर होता. वाइंडिंग, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधलं तारेचं वेटोळं, अर्धवट शॉर्ट झालं की करंट थोडाच वाढतो. एक अँपिअरचा फ्यूज अशा वेळी तुटतो, दोनचा तग धरून बसतो आणि ट्रान्सफॉर्मर शिजत राहतो. 'स्लो' का, तर स्विच टाकल्याच्या क्षणी ट्रान्सफॉर्मर आणि फिल्टर कपॅसिटर मोठा झटका ओढतात, तेवढा सोसण्यासाठी. आकडा वाढवायची त्यात काहीच गरज नसते.

बाबा २०२१ मध्ये गेले. त्यानंतर मी मोजायला बसले. पॉवर सप्लायवरून प्रत्येक फ्यूजमधून अर्धा अँपिअर सोडला आणि त्याच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजले. बाबांचा एक अँपिअरचा साधा फ्यूज: ४६. जिजाजींचा दोन अँपिअरचा: १९. म्हणजे त्यांचा फ्यूज खरंच कमी रोध करत होता! मग दहा रुपयांचा साधा काचेचा दोन अँपिअरचा फ्यूज लावला: २०. चौदा हजारांत मिळाला एक मिलिव्होल्ट. बाकीचा सगळा फरक आकडा वाढवल्याचा होता.

आणि तो फरक तरी केवढा? ०.०५ ओहम. ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी, म्हणजे मेनच्या बाजूचं, वाइंडिंग मल्टिमीटरवर सव्वासात ओहम दाखवत होतं. ताईकडे एमसीबीपासून सॉकेटपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर बारा मीटर आहे. जाऊन-येऊन चोवीस, मीटरला बारा मिलिओहम, म्हणजे ०.२९ ओहम भिंतीतच गेले. घरात ऐकताना सेट साधारण ०.३ अँपिअर घेतो, तेव्हा या दोन फ्यूजमधला फरक पंधरा मिलिव्होल्ट पडतो, २३० व्होल्टमध्ये. ताईच्या घरी संध्याकाळी २१८ आणि रात्री अकरानंतर २३६ व्होल्ट मी स्वतः मोजलेत. अठरा व्होल्टचा फरक ज्यांना कधी ऐकू आला नाही, त्यांना पंधरा मिलिव्होल्ट कसे ऐकू येतील? फ्यूजवर दिशेचा बाण असतो, त्याबद्दलही विचारलंय. मेनमधला करंट सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो. बाणाला काही अर्थ नाही.

२०२४ च्या दिवाळीत जिजाजींना बसवलं. सेटच्या मागे चादर बांधली, मी मागे, भाचा नाणं उडवणार. दर वेळी प्लग काढून, होल्डर उघडून, छापा असेल तर महागडा आणि काटा असेल तर साधा, दोन्ही दोन अँपिअरचे. आवाजाची कळ कुणी हलवायची नाही, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. बारा फेऱ्या झाल्या, पाच बरोबर. जिजाजी म्हणाले, असं परीक्षेला बसवल्यावर ऐकता येत नाही, आणि फ्यूज मुरायला शंभर तास लागतात. तो फ्यूज तोवर पाच वर्षं त्या सेटमध्ये होता. बाबांना तर एकच संधी मिळाली होती, तीही सगळ्यांसमोर, आणि त्यांनी बरोबर सांगितलं. वयाने वरच्या स्वरांचं ऐकणं कमी होतं, हे खरं आहे. पण जवारी ऐकणारा कान वेगळा असतो. तो चाळीस वर्षं टेबलावर बसून तयार होतो.

आता तुमच्या सेटबद्दल, जे आधी लिहायला हवं होतं. काही जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये फ्यूज स्पीकरच्या वाटेतच, आउटपुटला असतो. तिथे गोष्ट वेगळी. खर्जाच्या जोरदार ठेक्याला त्याची तार तापते, रोध वर-खाली होतो आणि आवाजात मोजता येईल इतका विकार येतो. पण त्यावर महाग फ्यूज हा उपाय नाही. चांगल्या कारागिराकडून रिलेचं प्रोटेक्शन बसवून घ्या. होल्डरची स्प्रिंग सैल किंवा काळी असेल, तर प्लग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नाहीतर होल्डरच बदला. गुणगुण येत असेल, तर आधी केबल टीव्हीची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा, बऱ्याचदा तिथेच सापडतं. नवा फ्यूज घेताना टोपीवर टी (म्हणजे स्लो) आहे की एफ (म्हणजे फास्ट) ते वाचा, आणि आकडा पॅनलवर लिहिलाय तोच ठेवा.

जिजाजी, हे तुम्ही वाचाल हे मला माहीत आहे. सेटमध्ये अजून तो दोनचाच आहे, ताईने सांगितलं. एक अँपिअर स्लोचे पाच फ्यूज मी तिच्याकडे, देवघराच्या खालच्या खणात ठेवलेत. आज रात्री बदला.