मन पार्ल्यात, हिशोब मुलुंडला

तुमचं पत्र वाचलं. तुम्ही मिस्टर, मुलगा आणि आईसह आत्ता अंधेरीत भाड्याने राहता, आणि दोन घरांपैकी एक घ्यायचं आहे. तुमचा पेच थोडक्यात असा. एक घर विलेपार्ले पूर्वेला: सत्तरच्या दशकातली तीन मजली इमारत, दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके, लिफ्ट नाही. दुसरं मुलुंड पूर्वेला: बांधकाम चालू असलेल्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर टू बीएचके, ताबा तीन वर्षांनी. किंमत दोन्हीकडे पावणेदोन कोटींच्या आसपास. आईचा सगळा गोतावळा पार्ल्यात, म्हणून तुमचं मन तिकडे. मिस्टर म्हणतात, डोकं वापर, मुलुंड घे. आणि एजंट म्हणतो, पार्ल्याची बिल्डिंग दोन वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणार, म्हणजे पाडून नवी बांधणार, तेव्हा तेही डोक्याचंच काम आहे.

गोरेगावात आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद मी बरीच वर्षं सांभाळलं. घर घेणाऱ्यांच्या फायली हातून गेल्या, आणि ती माणसं पुढे त्या घरात कशी राहिली तेही समोरच पाहिलं. त्यावरून सांगतो: तुमच्या घरात मन आणि डोकं या पाट्या उलट्या लागल्या आहेत. 'रिडेव्हलपमेंट होईल, मोठं घर मिळेल' ही आशा आहे, ती मनात जन्मते. 'मुलुंडचे भाव वाढतील' हीसुद्धा आशाच. उलट आईला ओळखीचा डॉक्टर चालत गाठता येणं, तुम्ही ऑफिसात असताना शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारपूस करणं, याला तुम्ही 'भावनिक' म्हणताय. पण आई एकटी पडली की दिवसभराची बाई लावावी लागते, अर्ध्या रजा टाकाव्या लागतात, अंधेरीच्या ऑफिसातून जीव मुठीत धरून पळावं लागतं. हे सगळं पैशांत मोजता येतं. म्हणून आईची सोय बिनधास्त हिशोबाच्या वहीत लिहा आणि भाववाढ त्या वहीतून खोडा.

आता हाच नियम पार्ल्याला लावू. एजंटचं वाक्य बाजूला ठेवून स्वतःला विचारा: ही इमारत पुढची पंधरा वर्षं अशीच उभी राहिली, तर या किमतीला हे घर मला हवं आहे का? हे उगाच विचारत नाही. पार्ले विमानतळाला खेटून आहे. फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानं जिथून खाली उतरतात आणि वर चढतात त्या पट्ट्यात, इमारतीच्या उंचीवर मर्यादा येते, आणि त्यामुळे पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या पट्ट्यातल्या कितीतरी जुन्या सोसायट्यांना बिल्डरच मिळत नाही, कारण वर चढवायला मजलेच उरत नाहीत. रिडेव्हलपमेंटला लागणारा ५१ टक्के सभासदांचा होकार मिळाला तरी उंचीचा प्रश्न सुटत नाही. शिवाय समजा काम खरंच दोन वर्षांत सुरू झालं, तर? तुम्ही आईला घेऊन पुन्हा भाड्याच्या घरात, तीन-चार वर्षं. ज्या गोतावळ्यासाठी घर घेतलं, तो गोतावळाही तेवढा काळ चार दिशांना पांगलेला. ही बाजू एजंट सांगत नाही.

म्हणून सोसायटीच्या ऑफिसात जा आणि तीन गोष्टी मागा. पहिली, प्रॉपर्टी कार्ड. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे की अजून मूळ मालक किंवा बिल्डरच्या नावावर आहे, ते त्यावर कळतं. हे कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालेलं नसेल तर रिडेव्हलपमेंटच्या गप्पा सहसा तिथेच अडकतात; आधी मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स, मूळ मालक सही देत नसला तरी सरकारी आदेशाने होणारं) करून घ्यावं लागेल. जमीन कलेक्टरची, म्हणजे सरकारी, निघाली तर हस्तांतराची परवानगी आणि शुल्क हे वेगळंच प्रकरण. दुसरी, स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा रिपोर्ट. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीला तो कायद्याने बंधनकारक आहे. 'करणार आहोत' असं उत्तर आलं तर सावध व्हा. तिसरी, गेल्या काही वार्षिक सभांची मिनिट्स. कोण कुणाशी भांडतंय, गळतीवर किती खर्च झाला, सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशांत, काय आहे, सगळं तिथे सापडतं. घर बघायला गेल्यावर जे कळत नाही ते मिनिट्समध्ये कळतं, हे मी स्वतः वर्षानुवर्षं ती लिहिल्यामुळे खात्रीने सांगतो.

घराची स्वतःची कागदपत्रं वकील बघेलच: पहिल्या खरेदीपासूनची सगळी करारपत्रं, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इमारतीची ओसी (महापालिकेचा भोगवटा दाखला). ओसीला 'जुन्या बिल्डिंगला कुठे असते' असं म्हणून कुणी उडवून लावलं तर ऐकू नका. वरळीच्या कॅम्पा कोला सोसायटीत मंजुरीपेक्षा जास्त मजले चढवले होते. लोक तिथे वर्षानुवर्षं संसार करत होते, तरी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या विरोधात निकाल गेला. कागदाच्या बाबतीत मनालाही मत नाही आणि डोक्यालाही नाही. कागद नीट नसेल तर उठायचं.

मुलुंडचं सोपं आहे, कारण निम्मी तपासणी घरबसल्या होते. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाका आणि ताब्याची मूळ तारीख काय होती, किती वेळा पुढे ढकलली, कोर्टकज्जे कोणते, हे बघा. तुमच्याच विंगचं बघा, शेजारच्या विंगचं नको. साठेखत (बिल्डरसोबतचा खरेदीचा करार) नोंदवण्याआधी बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. क्षेत्रफळ फक्त कार्पेटमध्ये, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेत बोला. आणि मिस्टरांना खिडकीतून दिसणारी मिठागरं आणि खाडी फार आवडली आहे असं तुम्ही लिहिलंय. ते आवडणं खरं आहे, पण त्याचे पैसे मोजू नका. २०२४ मध्ये कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड भागातली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी देण्याचा निर्णय झाला. समोरचं मोकळं आज आहे, ताबा मिळेल तेव्हा असेलच असं धरू नका.

आता पैसे, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ दिसतो. घराची किंमत ७५ लाखांच्या वर असली की बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देते, आणि स्टॅम्प ड्युटी, नोंदणी त्या किमतीत धरली जात नाही. म्हणजे पावणेदोन कोटींवर कर्ज जास्तीत जास्त १ कोटी ३१ लाख. स्वतःचे ४४ लाख. त्यावर मुंबईत ६ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे साडेदहा लाख, नोंदणीचे ३० हजार. घर फक्त तुमच्या, म्हणजे बाईच्या नावावर घेतलंत तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे, पावणेदोन लाख वाचतील. पतीचं नाव जोडलं की ती गेली. मुलुंडला बांधकाम चालू असल्यामुळे ५ टक्के जीएसटी, आणखी पावणेनऊ लाख. पार्ल्याला तो नाही. तेव्हा 'दोन्हींची किंमत सारखीच' हे खरं नाही. त्यात मुलुंडचा ताबा मिळेपर्यंत अंधेरीचं भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही एकदम चालू राहणार. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. १ कोटी ३१ लाखांना महिना १ लाख १३-१४ हजार. दोघांपैकी एकाची नोकरी सहा महिने गेली तर हा हप्ता कुठून जाईल, याचं उत्तर कागदावर लिहा. पार्ल्यासाठी मात्र बँकेला आत्ताच विचारा, कारण इमारत जुनी असली की मुदत कमी करतात किंवा कर्जच नाकारतात.

माझा कौल पार्ल्याकडे आहे, या घराकडे नाही. कारण तुम्हीच मध्येच एका ओळीत लिहिलंय की आईचे गुडघे दुखतात. दोन मजले, लिफ्ट नाही. आज ती हौसेने 'चढेन गं' म्हणेल, कारण तिला पार्ले हवंय. पण पाच वर्षांनी ती दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून मैत्रिणींना खाली बघत असेल, तर पार्ल्यात राहून काय मिळवलं? त्याच गल्ल्यांमध्ये तळमजला किंवा पहिला मजला शोधा, किंवा लिफ्ट असलेली छोटी इमारत, कार्पेट चाळीस-पन्नास चौरस फूट कमी झालं तरी चालेल. मुलगा दहावीला जाईपर्यंत हॉलमध्ये पडदा लावून अभ्यासाचा कोपरा होतो. आईसाठी जिने कमी होत नाहीत. तळमजला बघाल तर चांगल्या पावसाच्या दिवशी, भरतीच्या वेळी जा आणि वॉचमनला विचारा की २००५ च्या २६ जुलैला पाणी कुठवर आलं होतं. नळाला पाणी किती वाजता येतं आणि टँकर मागवावा लागतो का, तेही त्यालाच विचारा. आणि आईला सोबत न्या. एजंट नसताना, संध्याकाळी, तिच्या वेगाने स्टेशनपासून घरापर्यंत चाला.

मिस्टरांना मुलुंडच हवं असेल तर भांडू नका. त्याच भागात ओसी मिळालेलं तयार घर बघा म्हणावं: जीएसटी नाही, दुहेरी खर्च नाही, आणि खिडकीतून आज जे आहे तेच दिसतं. त्यांची तीन बेडरूमची इच्छा मात्र या बजेटमध्ये कुठेच बसत नाही, हे आत्ताच बोलून घ्या.

आणि एजंट 'शनिवारपर्यंत टोकन द्या, दुसरी पार्टी तयार आहे' म्हणतोय, त्याला सांगा की प्रॉपर्टी कार्ड आणि ऑडिट रिपोर्ट वकिलाने पाहिल्याशिवाय एक रुपयाही देणार नाही. ती दुसरी पार्टी घेऊन गेली तर घेऊन जाऊ दे.