गिलचे म्हणजे नक्की कोण?

प्रश्न असा आहे: "ऑगस्ट २०२१ मध्ये 'काबूल पुन्हा गिलच्यांच्या हाती' असं शीर्षक एका लेखावर वाचलं होतं. पानिपतच्या बखरींत अब्दालीच्या फौजेला गिलचे म्हटलंय. मग गिलचा म्हणजे अफगाण का? आणि अफगाणिस्तानावरच्या लेखांत येणारी 'घिलजई' जमात ती हीच का? तालिबानला गिलचे म्हणणं बरोबर आहे का?"

मधल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. गिलचा हा शब्द सहसा पश्तूनांच्या गिलजी या मोठ्या टोळीसमूहाच्या नावाशीच जोडला जातो आणि मला तो संबंध पटतो. पामीरच्या बाजूच्या डोंगरी ताजिकांना 'गलचा' म्हणत, तो शब्द कानाला आणखी जवळचा वाटतो. पण आपल्या बखरकारांना पामीरच्या ताजिकांची ओळख असण्याचं कारण नव्हतं. गिलजी हे नाव मात्र तोवर दूरवर पोचलेलं होतं.

आधी उच्चाराबद्दल. या नावाचं पहिलं अक्षर म्हणजे फारसी-पश्तोतला घशातून येणारा 'गैन'. मराठीने तो शेकडो वर्षं 'ग' म्हणूनच घेतला: गरीब, गुलाम, बाग, कागद, मोगल. त्यामुळे गिलचा हे रूप मराठीच्या अंगवळणी पडलेलं आहे. 'घिलजई' हे इंग्रजी स्पेलिंग पाहून केलेलं लिप्यंतर आहे. अफगाणिस्तानचे माजी राष्ट्राध्यक्ष अशरफ गनी यांचं आपण 'घनी' केलं ते असंच. गनी नावाची माणसं आपल्या गावागावांत आहेत, त्यांना कुणी घनी म्हणत नाही. (गझनीच्या महमूदाला 'ग' आणि महंमद घोरीला 'घ' असे दोन न्याय आपण शाळेच्या पुस्तकापासून लावत आलो आहोत, हेही मान्य करायला हवं.) शेवटचा 'आ' आपण आपल्या सोयीने जोडला. रोहिला, रोहिले, रोहिल्यांनी. तसंच गिलचा, गिलचे, गिलच्यांनी. परकं नाव विभक्ती घेऊ लागलं की ते घरचं होतं, आणि हे नाव पुरतं घरचं झालं.

'जई' म्हणजे अमक्याची संतती: बारकजई, पोपलजई, अहमदजई. पण पश्तो बोलणारे स्वतः 'गिलजी'च्या जवळपास म्हणतात. 'गिलजई' हे फारसी वळण आहे. त्यावरून 'गल-जोय', म्हणजे चोराचा मुलगा, अशी एक व्युत्पत्ती वंशावळी लिहिणाऱ्यांनी रचली. तिच्यावर विश्वास ठेवू नये. शेजारच्या टोळीला कमी लेखायला अशा कथा सगळीकडेच रचल्या जातात. बरेच अभ्यासक हे नाव 'खलज' या मध्ययुगीन तुर्की लोकांच्या नावापासून आलं असं मानतात. तसं असेल तर हे एकच नाव मराठी मुलखात दोनदा आलं: १२९६ मध्ये देवगिरीवर चालून आलेल्या अलाउद्दीनाबरोबर खिलजी होऊन आणि साडेचारशे वर्षांनी गिलचा होऊन.

खरी अडचण पुढे आहे. अहमदशहा अब्दाली गिलजी नव्हता. तो त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांपैकी होता.

१७०९ मध्ये मीरवैस होतक या गिलजी सरदाराने कंदहारच्या इराणी सुभेदाराला मारून शहर ताब्यात घेतलं. १७२२ मध्ये त्याचा मुलगा महमूद थेट इस्फहानपर्यंत गेला आणि त्याने इराणच्या सफावी बादशाहीची राजधानी घेतली. १७३८ मध्ये नादिरशहाने कंदहार परत जिंकलं, गिलजींना तिथून हलवलं आणि आसपासच्या जमिनी आपल्या फौजेतल्या अब्दालींना दिल्या. १७४७ मध्ये नादिरशहाचा खून झाला आणि त्याच कंदहारात अब्दालींचा तरुण सरदार अहमदशहा राजा झाला. त्याने 'दुर्र-इ-दुर्रान', मोत्यांमधला मोती, असा किताब घेतला आणि तेव्हापासून अब्दालींना दुर्राणी म्हणू लागले. मराठीत मात्र तो अब्दालीच राहिला.

म्हणजे १४ जानेवारी १७६१ ला भाऊंच्या समोर जी फौज उभी होती तिचा राजा अब्दाली होता आणि वजीर शाह वली खानही अब्दालीच. सोबत नजीबखानाचे रोहिले. आपण त्या सगळ्यांना नाव दिलं ते गिलजींचं. माझा अंदाज असा की, इस्फहान पाडल्यापासून 'अफगाण म्हणजे गिलजी' हे समीकरण दिल्लीच्या बाजूला रूढ झालं असावं आणि आपण ते तिथून उचललं. बखरीत हे चालून जातं. लिहिणाऱ्याला समोरच्या फौजेला एक नाव हवं होतं, कुळवृत्तांत नको होता.

या दोन नावांमधलं अंतर अफगाणांच्या घरात काय होतं ते पाहिलं की आजच्या लेखात हा शब्द का खटकतो ते कळेल. १७४७ पासून १९७८ पर्यंत काबूलची सत्ता जवळजवळ अखंड दुर्राणींकडे होती. आधी सदोजई, मग बारकजई. १९२९ मध्ये हबीबुल्ला कलकानी या ताजिकाने नऊ महिने राज्य केलं, हा एक अपवाद. १९७३ मध्ये जहीरशहाला हटवून प्रजासत्ताक जाहीर करणारा दाऊदखानही राजाचा चुलतभाऊच. गिलजी यात कुठे होते? त्यांच्यातले बरेच कुरणं शोधत फिरणारे होते, बरेच व्यापारी. पोविंदा म्हणून ओळखले जाणारे त्यांचे उंटांचे काफिले हिवाळ्यात गोमल खिंडीतून सिंधूच्या काठी उतरत आणि उन्हाळ्याला परत जात. तिथून त्यांची माणसं उधारीवर कापड विकत, पैसे व्याजाने देत हिंदुस्थानभर पांगत. आपल्या 'पठाणी व्याजा'तल्या पठाणांमध्ये हेही आले. १९६१ मध्ये पाकिस्तानने या काफिल्यांना सीमा बंद केली आणि शेकडो वर्षांची ती ये-जा मोडली.

मग २७ एप्रिल १९७८. त्या दिवशी काबूलमध्ये झालेल्या कम्युनिस्ट उठावाला 'सौर क्रांती' म्हणतात. आपल्या 'सौर'शी तिचा संबंध नाही. अफगाण पंचांगात महिन्यांना राशींची नावं आहेत आणि सौर (मूळ अरबी 'थौर') म्हणजे वृषभ. दाऊदखान कुटुंबासह मारला गेला आणि नूर मोहम्मद तराकी सत्तेवर आला. तराकी गिलजी होता. पुढच्याच वर्षी त्याला मारवणारा त्याचा सहकारी हफीजुल्ला अमीन, तोही गिलजी, खरोटी टोळीचा. अमीनला २७ डिसेंबर १९७९ ला सोव्हिएत सैनिकांनी राजवाड्यात मारलं आणि युद्धाने देश व्यापला. सोव्हिएत फौज १५ फेब्रुवारी १९८९ ला आमू दर्यावरच्या पुलावरून परत गेली. मागे राहिलेला राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला अहमदजई गिलजी. त्याच्याविरुद्ध लढणारा आणि १९९२ नंतर काबूलवर रॉकेटांचा मारा करणारा गुलबुद्दीन हिकमतयारही गिलजी, खरोटी. १९९४ मध्ये कंदहारजवळ तालिबान उभी करणारा मुल्ला उमर, तोसुद्धा गिलजी, आणि तोही मीरवैसच्याच होतक टोळीतला.

इथवर वाचून 'मग गिलच्यांचंच राज्य की' असं वाटेल. त्या लेखकालाही बहुधा तसंच वाटलं असावं. पण यादी पुन्हा वाचा. तराकीला अमीनने मारवलं. २७ सप्टेंबर १९९६ ला काबूल घेताच तालिबानने संयुक्त राष्ट्रांच्या आवारात चार वर्षं आश्रयाला असलेल्या नजीबुल्लाला बाहेर ओढून मारलं आणि त्याचा देह चौकात टांगला. हे सगळे एकाच समूहाचे. दुसरीकडे २००१ नंतर राष्ट्राध्यक्ष झालेले हामिद करझाई पोपलजई, म्हणजे अब्दालीच्याच टोळीतले, आणि तालिबानच्या संस्थापकांपैकी मुल्ला बरादरही पोपलजई. करझाईंनंतरचे गनी गिलजी, अहमदजई. त्यांना १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल सोडायला लावणाऱ्या तालिबानचे प्रमुख हैबतुल्ला अखुंदजादा नूरजई, म्हणजे दुर्राणींपैकी. त्या दिवशी काबूल गिलजीच्या हातून गेलं आणि दुर्राणी प्रमुख असलेल्या संघटनेकडे आलं. शीर्षक नेमकं उलटं होतं!

शिवाय या देशात ताजिक, हजारा, उझबेक, तुर्कमेन, बलुची, नूरिस्तानी आहेत. २००४ च्या राज्यघटनेने चौदा समाज नावानिशी लिहून प्रत्येक नागरिकाला 'अफगाण' म्हटलं. जुन्या काळी 'अफगाण' म्हणजे फक्त पश्तून, म्हणून २०१८ मध्ये नव्या ओळखपत्रांवर हा शब्द आला तेव्हा अनेकांनी हरकत घेतली. ज्यांना 'अफगाण' म्हणवून घेणंसुद्धा जड जातं, अशा हजारा किंवा ताजिक माणसाला आपण सरसकट गिलचा म्हणणं किती चुकीचं आहे ते वेगळं सांगायला नको. आणि तालिबानची सर्वात मोठी झळ याच देशातल्या माणसांना, त्यांच्या मुलींना बसली आहे. त्यांना पानिपतचा सूड म्हणून एकाच शब्दात कोंबणारं लेखन मला सहन होत नाही.

'तालिबान' हा शब्दही पाहून घ्या. तालिब म्हणजे विद्यार्थी, शोधणारा. चहाची 'तलब' आणि आपला 'मतलब' त्याच अरबी धातूतले. पुढचा 'आन' फारसी अनेकवचनाचा, आपल्या जुन्या पत्रांतल्या 'कारकुनानि'मध्ये दिसतो तोच. मराठीत तालिबान संघटनेचं एकवचनी नाव झालं आहे, तेव्हा 'तालिबानने' लिहायला हरकत नाही. माणसांसाठी 'तालिबानी' रुळलं आहे, तेही चालेल.

कंदहारात अहमदशहाच्या कबरीशेजारी एक दर्गा आहे. पैगंबरांचा म्हणून मानला जाणारा झगा अहमदशहाने बुखाऱ्याहून आणला, तो तिथे बंदोबस्तात ठेवलेला असतो. एप्रिल १९९६ मध्ये मुल्ला उमरने तो बाहेर काढला, गच्चीवर उभं राहून जमलेल्या लोकांपुढे धरला, आणि मौलवींनी त्याला 'अमीर-उल-मोमिनीन', म्हणजे श्रद्धावंतांचा सरदार, म्हणून घोषित केलं. अब्दालीने आणलेलं वस्त्र, गिलजीच्या हातात. पानिपतच्या बखरकाराला हे दोघे एकच वाटले होते.

तेव्हा बखरीवर लिहिताना गिलचे खुशाल लिहा, तो त्या काळचा शब्द आहे. आजच्या टोळीसमूहाबद्दल लिहायचं तर गिलजी, देशातल्या माणसांसाठी अफगाण. 'अफगाणी' मराठीत चुकीचं नाही, पण खुद्द काबूलमध्ये अफगाणी म्हणजे चलन. माणसाला तसं म्हटलेलं तिथल्या लोकांना खटकतं.