हिरव्या टाकीतले डिस्कस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी काचेची टाकी मी नुकतीच करून घेतली आहे. तिच्यात जलवनस्पती लावून डिस्कस मासे ठेवायचे आहेत. एक दुकानदार म्हणतात की डिस्कस आणि वनस्पती एकत्र नांदत नाहीत, तर दुसरे दोन इंची पिल्ले आजच घेऊन जा म्हणतात. कोणाचे ऐकावे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : दोघांचेही जसेच्या तसे ऐकू नये. डिस्कस आणि वनस्पती एकत्र नांदू शकतात. फक्त टाकीचे तापमान माशांच्या गरजेप्रमाणे ठरवावे लागते आणि त्या तापमानात तग धरतील अशाच वनस्पती निवडाव्या लागतात. बहुतेकांचे बिनसते ते इथेच. आधी बागेचा आराखडा ठरतो, तळावर गालिच्यासारखी पसरणारी नाजूक झाडे आणली जातात आणि मग त्या पंचवीस अंशांच्या पाण्यात डिस्कस सोडले जातात. काही दिवसांतच मासे काळवंडतात आणि खाणे सोडतात.

डिस्कस हा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा आहे. तिथे तो संथ पाण्याच्या काठाशी, बुडालेल्या फांद्या आणि मुळे यांच्या आडोशाने कळपात राहतो. दाट पाणवनस्पती त्याच्या अधिवासात फारशा नसतात. म्हणून टाकीत त्याला हिरवळीपेक्षाही आडोसा, उभ्या दिशेने मोकळी जागा आणि ऊब यांची गरज अधिक असते. पाणी 28 ते 30 अंश सेल्सिअस ठेवावे. आपल्या टाकीत सुमारे 340 लिटर पाणी मावेल, तेव्हा एका मोठ्या हीटरऐवजी दोन्ही टोकांना 200 वॅटचा एकेक हीटर बसवावा, म्हणजे एक बंद पडला तरी पाणी एकदम थंड होणार नाही. वाळू, काच आणि स्टँड धरून एकूण वजन 400 किलोच्या पुढे जाते. त्यामुळे टाकी गॅलरीत न ठेवता शक्यतो तुळईजवळच्या भक्कम भिंतीला लागून ठेवावी.

इतक्या उबदार पाण्यात टिकणारी झाडे थोडी आहेत, पण देखणी आहेत. अ‍ॅमेझॉन स्वोर्ड हे त्यातले मुख्य. त्याची रुंद पाने माशांना उत्तम आडोसा देतात. पुढच्या बाजूला क्रिप्टोकोरीन लावावे. लावल्यावर त्याची पाने विरघळून गेली तरी रोप उपटून टाकू नये, मुळे शाबूत असतील तर नवी पाने फुटतात. या कुळातल्या काही जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांत मूळच्याच आहेत. त्या तिथेच राहू द्याव्यात आणि टाकीसाठी रोपवाटिकेत वाढवलेलीच रोपे घ्यावीत. ड्रिफ्टवूडवर (टाकीत ठेवायच्या लाकडाच्या ओंडक्यावर) अन्युबियास हे झाड दोऱ्याने बांधावे, मात्र त्याचे जाड आडवे खोड वाळूत गाडू नये, कारण गाडले की ते कुजते. क्यूबासारखी गालिच्याची झाडे या उबदार पाण्यात तग धरत नाहीत, त्यांचा मोह सोडावा. सांगितलेल्या झाडांना वेगळा कार्बन डायऑक्साइड द्यावा लागत नाही आणि माझ्या मते या टाकीत तो न दिलेलाच बरा. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो; 25 अंशांना एका लिटरमध्ये सुमारे 8.3 मिलिग्रॅम मावतो, तर 30 अंशांना 7.6 मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड थोडा जरी जास्त झाला तरी सकाळी मासे पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसतात. दिवे रोज सहा ते सात तास पुरेत. स्वोर्ड आणि क्रिप्टोकोरीन यांच्या मुळांशी खताच्या गोळ्या द्याव्यात.

तळाला बारीक, गुळगुळीत वाळूचा दोन इंची थर द्यावा आणि पुढचा निम्मा भाग झाडांविना मोकळा ठेवावा. डिस्कस कसा खातो ते नीट पाहिले की याचे कारण कळते. तो तोंड खाली करून तिरका होतो, वाळूवर पाण्याची बारीक फुंकर मारतो, वाळू उडाली की वर आलेला कण टिपतो आणि नको ते बाहेर टाकतो. खडी असेल तर अन्न फटीत जाऊन सडते. मोकळ्या वाळूवर मात्र उरलेले अन्न दिसते आणि नळीने ओढून घेता येते.

आता पिल्लांविषयी. दोन इंची पिल्ले या टाकीत अजिबात आणू नयेत. वाढत्या डिस्कसला दिवसातून चार-पाच वेळा खाऊ घालावे लागते आणि तेवढ्याच नेटाने पाणी बदलावे लागते. ते काम वाळू आणि झाडे नसलेल्या उघड्या टाकीतच नीट होते. हिरव्या टाकीत ती पिल्ले खुरटतात आणि पुढे त्यांची वाढ भरून निघत नाही. चार ते पाच इंचांचे, वाढ बरीचशी पूर्ण झालेले मासे घ्यावेत. किंमत जास्त पडते, पण ती देण्यासारखी आहे. एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी सहा मासे आणावेत. दोन-तीनच ठेवले तर त्यातला दुबळा सतत मार खातो.

मासे आणण्याआधी टाकी किमान सहा आठवडे चालू द्यावी. अन्न आणि विष्ठेतून तयार होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू कॅनिस्टर फिल्टरमध्ये (टाकीबाहेर ठेवायच्या डबाबंद गाळणीत) स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. साध्या चाचणी-संचावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले तरच मासे सोडावेत. त्यानंतर दर आठवड्याला निम्मे पाणी बदलावे. नव्या पाण्यातला क्लोरिन क्लोरिननाशकाने घालवावा आणि त्याचे तापमान टाकीइतके करूनच ते ओतावे. सोबतीला कार्डिनल टेट्रा आणि स्टर्बाय कोरिडोरस हे उबदार पाणी सोसणारे मासे चालतील. निऑन टेट्रा मात्र तुलनेने थंड पाण्याचा मासा आहे, तो इथे फार काळ जगत नाही.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) 700 येतो. डिस्कससाठी पूर्णपणे आर.ओ.चे पाणी वापरावे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : निव्वळ आर.ओ.चे पाणी वापरू नये. त्यात क्षार जवळपास उरत नाहीत, त्यामुळे पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते दाखवणारा आकडा) धरून ठेवणारे काही राहत नाही आणि तो एका रात्रीत कोसळू शकतो. शिवाय झाडांना लागणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही मिळत नाही. तीन भाग आर.ओ. आणि एक भाग बोअरचे पाणी मिसळले तर टीडीएस 190 च्या आसपास येईल. बाजारात मिळणारे डिस्कस पिढ्यान्‌पिढ्या मत्स्यशेतीत वाढलेले असतात. त्यांना अशा पाण्यात 6.5 ते 7 पीएच अगदी मानवतो. टीडीएसचा आकडा म्हणजे पाण्याचा जडपणा नव्हे, म्हणून जडपणाची चाचणी वेगळी करून घ्यावी. मिश्रणाचे प्रमाण एकदा ठरले की ते दर वेळी तेच ठेवावे, कारण या माशांना थोड्या जड पाण्यापेक्षा दर आठवड्याला बदलणारे पाणी अधिक त्रास देते. देशी बदामाची, फवारणी न झालेली वाळलेली पाने धुऊन टाकीत ठेवली तर पाण्याला चहासारखा फिकट रंग येतो आणि पीएच किंचित उतरतो. अ‍ॅमेझॉनच्या रिओ नेग्रो या उपनदीचे पाणी पालापाचोळ्यातल्या याच प्रकारच्या द्रव्यांमुळे गडद दिसते.

प्रश्न : नवे डिस्कस काळपट होऊन कोपऱ्यात उभे राहतात आणि खात नाहीत. औषध द्यावे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : लगेच देऊ नये. आधी तापमान, अमोनिया आणि नायट्राइट तपासावे. नव्या जागेत दोन-तीन दिवस अंगावरचे उभे पट्टे गडद होणे स्वाभाविक आहे. दिवे मंद ठेवावेत आणि काचेसमोरची वर्दळ कमी करावी. विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी लोंबत असेल तर आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्यावा. एकच कल्ला हलत असेल किंवा मासा अंग घासत असेल तर कल्ल्यांवरचे कृमी असू शकतात. अशा माशाला झाडांच्या टाकीत औषध न देता उघड्या टाकीत वेगळे ठेवावे आणि मत्स्यरोगांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाला विचारूनच औषधाची मात्रा ठरवावी. यापुढे नवे मासे आधी महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवून मगच जुन्या माशांत सोडावेत.