आजोळ लायडनचे

प्रश्न : माझी दिवंगत आई नेदरलँड्समधल्या लायडनची, वडील पुण्याचे. मावशीला भेटायला प्रथमच जात आहे. आजोळची मुळे कशी शोधावीत?

उत्तर : नेदरलँड्समध्ये नागरी नोंदणी बहुतेक ठिकाणी १८११पासून आहे, मात्र जन्मनोंदी १००, विवाहनोंदी ७५ आणि मृत्युनोंदी ५० वर्षांनीच सर्वांसाठी खुल्या होत असल्याने अलीकडच्या पिढ्यांची माहिती मावशींकडूनच घ्यावी व त्यामागचा शोध ‘वी वास वी’ (WieWasWie) या जुन्या नोंदींच्या संकेतस्थळावर घ्यावा. तिथे पणजीचे माहेरचे आडनाव घालावे, कारण डच दप्तरात स्त्री लग्नानंतरही त्याच नावाने नोंदलेली असते. (आपल्याकडे नेमके इथेच अडते!) पणजोबांची कबर सापडेलच असे नाही; जागा बहुधा मुदतीने मिळते आणि मुदत न वाढवल्यास मोकळी केली जाते. मावशींकडे वेळ ठरवूनच जावे, आणि कॉफीबरोबर एकच बिस्कीट पुढे आले तर रुसू नये.