बेसाल्टच्या किल्ल्यात जिप्सम कुठून आणायचं?

प्रश्न : ताई, ड्वार्फ फोर्ट्रेस या कॉम्प्युटर गेममध्ये (यात ड्वार्फ म्हणजे बुटक्यांसाठी डोंगर खणून किल्ला बांधायचा असतो) मुद्दाम आपल्या नाशिकसारखा सगळा बेसाल्टचा डोंगर निवडून किल्ला बांधलाय. आता दोघा ड्वार्फांचे पाय मोडलेत, दवाखाना आहे पण प्लास्टरला जिप्समच नाही, कितीतरी मजले खोल खणलं तरी नाही. सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये तर बेसाल्टमधलेच पांढरे स्फटिक बघितलेत, मग गेममध्ये का नाही मिळत?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : अरे, सिन्नरला बघितलेस ती झिओलाइट गटातली खनिजं, स्टिल्बाइट वगैरे, लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत नंतर तयार झालेली, आणि त्यांच्याबरोबर सापडणारं अपोफिलाइट. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, ते बहुतेक करून खारं पाणी आटून साचतं, त्यामुळे गेमवाल्यांनीही ते सेडिमेंटरी म्हणजे गाळाच्या खडकांच्या थरांतच ठेवलंय आणि हे मला फार आवडतं. म्हणजे बेसाल्टमध्ये आणखी खोल जाऊन काही उपयोग नाही, नकाशाच्या एखाद्या कोपऱ्यात चुनखडी, शेल किंवा वालुकाश्म लागतोय का ते बघ, दोन वेगळ्या प्रदेशांच्या सीमेवर किल्ला असेल तर लागू शकतो. आणि नुसतं जिप्सम नावच शोधत बसू नकोस, अलाबास्टर, सेलेनाइट, सॅटिनस्पार या जिप्समच्याच तिन्ही रूपांचंही प्लास्टर होतं, हे माहीत नसल्यामुळे लोकं समोरचा दगड सोडून देतात.

नाहीच लागलं तर शरद ऋतूत आपल्या ड्वार्फांचा व्यापारी तांडा येतो, सोबतच्या प्रतिनिधीशी बोलणी होतात तेव्हा पुढच्या वर्षासाठी हे दगड मागून ठेव. पण तोवर ते दोघं असेच पडून राहायला नकोत रे, सुताराकडून लाकडी स्प्लिंट (मोडलेल्या हाडाला बांधायची फळी) करून घे, हाड बसवायला तेही चालतं, आणि एखादी कुबडीही करून ठेव.

दगड आला की भट्टीत एक दगड, एक रिकामी पिशवी आणि एक कोळसा लागतो. पिशवी विसरतातच सगळे!! गेममध्ये बेसाल्ट मॅग्मात (जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात) वितळत नाही, म्हणून खाली मॅग्मा सापडला असेल तर त्याच दगडाची मॅग्मा भट्टी बांध, कोळसा वाचेल.

प्रश्न : माझ्याकडे प्लास्टर आहे, तरी डॉक्टर लावत नाही.
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : बादली आणि पाणी आहे का जवळ? खरं जिप्सम साधारण दीडशे अंशाला भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि भुकटी होते, ती पाणी परत मिळालं तरच घट्ट होते, गणपतीच्या पीओपीचंही तेच, आणि गेममध्येही कोरडी भुकटी पायाला बसत नाही. दवाखान्यात पेटी ठेव, त्यात बादल्या साठू देत, आणि जवळच विहीर खण. हिवाळ्यात उघड्यावरचं तळं गोठतं म्हणून विहीर जमिनीखालच्या पाण्यावर घे. साबणही ठेव पेटीत, जखम धुतली नाही तर ती चिघळते आणि मग नीट बसवलेलं हाडही त्या बिचाऱ्याला वाचवत नाही.