जुन्या गाडीच्या प्लग वायरी बदलताना डिस्ट्रिब्युटर कॅपही बदलायची का? हे काम घरी जमेल का?

दमट हवेत सकाळी गाडी मिसिंग करते (अधूनमधून एखादा सिलिंडर पेटतच नाही), इंजिन तापलं की सुधारते, आणि गॅरेजवाल्याने फक्त प्लग वायरी बदलायला सांगितल्यात, असं तुम्ही लिहिलंय. काम घरी नक्की जमेल. पण नुसत्या वायरींवर थांबू नका. ओलाव्यात होणाऱ्या मिसिंगमागे कॅपही, म्हणजे ज्यातून प्रत्येक प्लगकडे वायर निघते ते डिस्ट्रिब्युटरचं प्लास्टिकचं झाकण, तितकीच असू शकते, म्हणून आधी ती उघडून पाहा.

इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, इंजिन गार होऊ द्या. कॅपच्या क्लिपा किंवा स्क्रू सोडवून वायरींसकट ती उलटी करा आणि टॉर्चच्या उजेडात आतली बाजू निरखा. दोन टर्मिनलांच्या (आतल्या धातूच्या टोकांच्या) मधे, किंवा टर्मिनलपासून काठाकडे, पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर दोष तिथेच आहे. करंटने प्लास्टिक जाळून आपली वाट करून घेतलेली असते. इग्निशन कॉइलमधून (बॅटरीचा दाब वाढवणाऱ्या भागातून) येणारा हजारो व्होल्टचा दाब प्लगकडे जायचं सोडून त्या वाटेने पळतो, आणि ओल असली की जास्तच. ही रेघ खरवडत बसू नका, कॅप बदला. मधोमध स्प्रिंगवर कार्बनचा छोटा खुंट असतो. बोटाने दाबल्यावर तो आत जाऊन परत वर आला पाहिजे. तो तुटला किंवा अडकला असेल तरीही कॅप बदलायचीच.

कॅपसोबत रोटरही, म्हणजे कॅपखाली फिरत एकेका टर्मिनलला करंट देणारा तुकडा, नवा घ्या. रोटरच्या टोकापासून कॅपच्या टर्मिनलपर्यंतच्या फटीतून ठिणगी उडी मारते, त्यामुळे झीज दोन्हीकडे होते. रोटर शाफ्टवर एकाच दिशेने बसतो आणि कॅपलाही खाच असते. जोर लावावा लागला तर समजा तो नीट बसलेला नाही. तसंच स्टार्टर मारलात तर रोटर फुटेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं: सगळ्या वायरी एकदम उपटू नका. नवी कॅप आधी जागेवर बसवा, जुनी कॅप वायरींसकट तिच्या शेजारी त्याच दिशेने धरा, आणि एकेक वायर बदला. जुनी वायर काढली की तिच्याच लांबीची नवी वायर नव्या कॅपच्या त्याच टॉवरमधून (वायर बसते त्या वरच्या नळीतून) त्याच प्लगवर लावा, मगच पुढची. वायर ओढून काढू नका. वायरीच्या टोकाची रबरी टोपी, म्हणजे बूट, धरा, थोडा पिळून सैल करा आणि मग खेचा, नाहीतर आतला कार्बनचा गाभा तुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बसवताना टक् असं जाणवलं पाहिजे. बुटाच्या आत डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर दिला तर पाणी शिरत नाही आणि पुढच्या वेळी बूट चिकटत नाही.

तरीही अदलाबदल झालीच, तर पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा, म्हणजे त्याचा पिस्टन हवा दाबून अगदी वर आलेला हवा. रोटर ज्या टॉवरकडे बघतोय तो एक नंबर. तिथून रोटर फिरतो त्या दिशेने फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) लावत जा. चार सिलिंडरच्या बऱ्याच गाड्यांत ती १-३-४-२ असते, पण काहींत १-२-४-३, म्हणून मॅन्युअल बघाच.

वायरींच्या वाटेकडेही लक्ष द्या, इथे घाई फार होते. जुन्या क्लिपांत त्या जशा होत्या तशाच बसवा. १-३-४-२ मध्ये तीन आणि चार शेजारी असून एकामागोमाग पेटतात. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून लांबवर गेल्या तर एकीतला करंट दुसरीत उमटतो आणि चौथा भलत्या वेळी पेटू शकतो. एक्झॉस्टपासूनही त्यांना दूर ठेवा.

टायमिंगची (ठिणगी नेमकी कधी पडते त्याची) काळजी नको. डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीचा बोल्ट सैल केला नाहीत तर ते हलत नाही.

सगळं झाल्यावर मोकळ्या जागेत, अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा आणि वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. कुठे निळी ठिणगी किंवा टिकटिक आढळली तर ती जागा गळते आहे. चालू इंजिनात वायरींना हात लावू नका. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी जवळही येऊ नये. आणि जुन्या कॅपच्या आत तेल दिसलं असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा सील आधी बदलून घ्या, नाहीतर नवी कॅपही आतून तेलकट होईल.