पाणीकपातीत सोसायटीची बाग: पाणी आधी कोणाला द्यायचे, ते ठरवा

नमस्कार. नवी मुंबईतल्या घणसोलीतील आपल्या सोसायटीत सुमारे ६०० चौरस मीटर हिरवळ, पोडियमवरची (पार्किंगच्या स्लॅबवर माती टाकून लावलेली) झुडपे आणि कुंपणालगत जमिनीत लावलेली चाळीसेक झाडे आहेत. कपात सुरू झाल्यावर बागेला पिण्याचे पाणी वापरू नये, अशी सूचना आली. त्यावर उपाय म्हणून स्प्रिंकलरला टायमर बसवून सगळ्या बागेचे पाणी सरसकट निम्म्यावर आणण्याचा कमिटीचा विचार आहे, असे आपण लिहिले आहे. हा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. निम्म्या पाण्यावर हिरवळ पिवळी पडायची ती पडतेच, आणि झाडांच्या खोल मुळांपर्यंत मात्र काहीच पोचत नाही. कपातीच्या काळात पाणी समसमान वाटायचे नसते. कोणाला द्यायचे, कोणाला थांबवायचे, याचा क्रम लावायचा असतो.

आधी हिशोब पाहू. आपल्या हवेत एप्रिल-मे महिन्यांत हिरवळ टवटवीत ठेवायला चौरस मीटरला रोज साधारण ४ लिटर पाणी लागते, म्हणजे आपल्या हिरवळीला रोज २,४०० लिटर. घरगुती वापराचे मानक माणशी १३५ लिटर आहे. त्या हिशोबाने हे सतरा-अठरा माणसांचे पाणी झाले. शिवाय नवी मुंबईचा मुख्य आधार असलेले मोरबे धरण पावसाळ्याच्या चार महिन्यांतच काय ते भरते आणि पुढच्या पावसापर्यंत तेवढ्यावरच भागवावे लागते, हे लक्षात घेतले की क्रम आपोआप लागतो.

या क्रमात हिरवळ शेवटी येते. आपल्याकडे हरळीच्या जातीचे गवत असेल तर पाणी तोडल्यावर ते वाळून पेंढ्यासारखे दिसेल, पण जमिनीखालचे खोड जिवंत राहते आणि पावसाच्या पहिल्या चांगल्या सरींनंतर पुन्हा फुटते. दहा-पंधरा दिवसांतून एकदा हलके ओलावले तरी तेवढ्यावर ते तग धरते. मेक्सिकन गवतही तगते, मात्र सावरायला अधिक वेळ घेते. सावलीत लावलेले रुंद पानांचे गवत इतके सोशिक नसते. तोवर कापणी थांबवावी, खत अजिबात घालू नये आणि वाळलेल्या गवतावर मुलांना खेळू देऊ नये, कारण अशा अवस्थेत तुडवले गेलेले गवत पुन्हा उठत नाही. रहिवाशांच्या तक्रारी येतील. त्यासाठी प्रवेशद्वाराशी कारण लिहिलेला फलक आधीच लावावा.

पाण्यावर पहिला हक्क, लावून दोन-तीन वर्षेही न झालेल्या झाडांचा. त्यांची मुळे अजून वरच्या थरातच असतात आणि एक उन्हाळा चुकला तर ती जातात. त्यांना रोज थोडे पाणी देण्याऐवजी आठवड्यातून दोनदा प्रत्येकी २० ते ३० लिटर सावकाश द्यावे. आळे बुंध्याला चिकटून न करता फांद्यांच्या घेराखाली करावे आणि त्यात पालापाचोळ्याचा दोन-तीन इंच थर द्यावा. बुंध्याभोवती मात्र चार बोटे जागा मोकळी सोडावी. माळी तो पाला गोळा करून कचऱ्यात टाकत असेल किंवा जाळत असेल, तर ते आजच थांबवा. बहावा, ताम्हण, करंज यांसारख्या जुन्या, जमिनीत रुजलेल्या झाडांना पंधरा-वीस दिवसांतून एकदा भरपूर पाणी दिले तरी पुरते. नारळाचे तसे नाही. त्याला उन्हाळ्यात रोज ३० ते ४० लिटर लागतात. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले असतील तर कितीही पाणी घाला, ते गटारातच जाणार. झाडाभोवतीची एक मीटर जागा मोकळी ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात दिला होता. आपल्या आवारातही तेवढे ब्लॉक काढून घ्यावेत.

पोडियमचे गणित अगदी उलटे आहे, आणि बहुतेक सोसायट्या नेमक्या इथेच चुकतात. स्लॅबवर जेमतेम दीड-दोन फूट माती असते आणि तिच्याखाली निचऱ्याचा थर. तिथे एकदम भरपूर पाणी दिले की ते मातीतून निथळून पाइपाने निघून जाते, आणि तापलेल्या स्लॅबवरची माती दुसऱ्या दिवशी कोरडी होते. म्हणून तिथे थोडे-थोडे आणि वारंवार, तेही ठिबकनेच द्यायला हवे. ताशी ४ लिटरचे ड्रिपर पुरतात. सकाळी सातच्या आत पंधरा-वीस मिनिटे आणि फार ऊन असेल तर संध्याकाळी तितकीच. टायमरवर खर्च करायचाच असेल तर तो या ठिबकवर करावा. पाणी किती मुरले हे वरून पाहून कळत नाही. लोखंडी सळई मातीत खुपसून पाहा, ओल आहे तिथपर्यंत ती सहज जाते.

आता पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न. आपला एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, चालू आहे, हीच मोठी जमेची बाजू. शंभर सदनिका आणि चारशे माणसे धरली तर रोजचा वापर ५४,००० लिटर. त्यातील ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून परत येते, म्हणजे सुमारे ४३,०००. शौचालयाच्या फ्लशला माणशी ४५ लिटरप्रमाणे १८,००० गेले तरी जवळजवळ २५,००० लिटर उरतात. कपातीत हा आकडा घटेल, पण वर सांगितलेल्या क्रमाने दिले तर बागेला ते पुरून उरतील. हे पाणी फवाऱ्याने उडवू नका, विशेषतः मुले खेळतात तिथे. ते ठिबकने किंवा आळ्यातच द्यावे. ड्रिपर तुंबू नयेत म्हणून आधी डिस्क फिल्टर बसवावा आणि आठवड्यातून एकदा नळ्यांची टोके उघडून त्या धुवाव्यात. टाकीत ते दिवसभराहून अधिक साठू दिले तर वास मारू लागते. या वाहिनीचा पिण्याच्या वाहिनीशी कुठेही, तात्पुरतासुद्धा, जोड नसावा. हे प्लंबरवर न सोडता कमिटीने स्वतः उभे राहून तपासावे.

बोअरच्या बाबतीत मात्र सावध राहा. घणसोली खाडीला लागून आहे आणि उन्हाळ्यात बोअरचे पाणी खारे होत जाते. पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसल्या तर कारण बहुधा हेच. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, लिटरला दोन हजार मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते एक्झोरा, जास्वंद किंवा कुंड्यांना देऊ नये. कण्हेर, बोगनवेल, भेंड आणि उंडी ते बरेच सोसतात. आपल्याकडे पुढे मुसळधार पाऊस पडतो आणि साचलेले क्षार धुऊन नेतो, म्हणून काही आठवडे असे पाणी चालून जाते. आरओचे टाकाऊ पाणी आणि सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा घालवणारे यंत्र) धुताना निघणारे पाणी बागेपासून दूरच ठेवावे. एसीचे पाणी मात्र जवळजवळ क्षारविरहित असते, ते कुंड्यांना अवश्य वापरा.

बोअरच्या पाण्याचा टीडीएस मोजून आणि एसटीपीच्या मीटरचे आठवडाभराचे आकडे घेऊन इथे लिहा. त्यावरून कोणत्या भागाला किती मिनिटे पाणी द्यायचे, याचा तक्ता करून देतो. नवी लागवड मात्र जूनचा पाऊस नीट स्थिरावेपर्यंत करू नका.